पाऊण इंच

जुनी गाडी घेतल्यावर तिच्यात पहिल्यांदा काय बदलायचं, यावरून मिस्त्री आणि टेलरबाई यांचं सकाळपासून जुंपलं होतं. गाडी म्हणजे लहानशी, काळी, पुढे झुकलेली स्पोर्ट मोटारसायकल. एक मालक होऊन गेलेला, पण अंगावर ओरखडाही नाही. मिस्त्रीच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला आधी कानठळ्या बसवणारा सायलेन्सर हवा असतो, मग रंगीत रिम, मग टाकीवर जबडा उघडलेला एखादा प्राणी. या सगळ्याचा मिस्त्रीला मनापासून तिटकारा होता.

"आधी ब्रेक पॅड, मग टायर," तो बोटांवर मोजत म्हणाला. "पळते सगळ्यांचीच. थांबता आलं पाहिजे."

"पॅड घाला, टायर घाला," टेलरबाई म्हणाली, "पण त्याआधी ती माझ्या अंगाला बसवा. ढगळ सदरा घालून कुणी शर्यत पळतं का?"

"अहो ताई, गाडी आहे ती. पॅन्ट नव्हे."

"मापाची नसली तर दोन्ही काचतात."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला, पण मनातून त्याला ते पटलं होतं. बाई बोलत होती ते कामातलं बोलत होती. आणि कामातल्या बोलण्यापुढे मिस्त्री नेहमीच नमतं घ्यायचा.

टेलरबाईचं वय अडतीस. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर तिचं दुकान. गिऱ्हाइकांचे नवे कपडे ती शिवत नसे. दुसऱ्याचे शिवलेले, तयार घेतलेले, कुणाचे तरी उतरलेले कपडे अंगाला बसवून द्यायचे हेच तिचं काम. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची धाकटी बहीण राहायच्या. टेलरबाईची उंची बेताची, त्यात डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड. सहा वर्षांची असताना ती झाडावरून पडली, मोडलेलं हाड जुळलं, पण पुढे नीट वाढलं नाही. तेव्हापासून तिला काय काय जमणार नाही याची यादी लोकांच्या तोंडी तयार असायची, आणि दुचाकी त्या यादीत सगळ्यात वर. वर्षानुवर्षं ती कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून हिंडली. मग एक दिवस तिचं डोकं फिरलं. मिस्त्रीच्या जुन्या डबड्यावर मैदानात महिनाभर आपटूनधोपटून ती शिकली, आणि शिकल्यावर हीच गाडी घेतली. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गाडी होती कुणा लांब हातापायांच्या माणसाच्या मापाची. क्लच आणि ब्रेक बोटांपासून कोसभर दूर, सीट उंच. दोघांनी मिळून दोन दिवस काम केलं. दोन्ही लिव्हर जवळ आणले. डावा फूटरेस्ट आणि गिअरचा दांडा पाऊण इंच वर घेतला. सीटचं रेक्झिन टेलरबाईने स्वतः उसवलं, आतला फोम कापून दीड इंच उतरवला आणि नवी शिलाई मारली. शेवटी मिस्त्रीने त्याच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक बोल्टवरून शेजारच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"पहारेकरी आहे. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते. रेघ अख्खी, तर बोल्ट जागचा हललेला नाही."

पहिल्या दिवशी ती गावाबाहेरच्या रस्त्यावर गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. वारं लागलं म्हणून, असं ती धाकटीला म्हणाली. धाकटीनेही ते खरं मानल्यासारखं दाखवलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी बिनसलं. क्लच फार जवळ वाटू लागला. लिव्हर दाबला की बोटांची पेरं मुठीत चेपायची. डावा गुडघा टाकीला घासू लागला. टेलरबाई तणतणत गॅरेजात गेली.

"मिस्त्री, माझ्या गाडीला कुणी हात लावला?"

मिस्त्रीने वाकून पाहिलं. रेघा जिथल्या तिथे, अख्ख्या. "कुणी नाही."

"मग माझ्या अंगाला का होईना?"

"आता ते मी कसं सांगू? सवय होतेय तुम्हाला. सवय झाली की माणसाला थोडं लांबचं लागतं."

लिव्हर थोडा लांब केला, नवी रेघ ओढली. आठवड्याने पुन्हा तेच. मग फूटरेस्ट खाली घेतला. मग सीटमध्ये फोमचा एक थर परत घातला. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस गाडी अंगावर शिवल्यासारखी बसायची, आणि मग पुन्हा काचायला लागायची. टेलरबाईचा संताप वाढत होता. तिच्या हाताखालून गेलेला कपडा दुसऱ्यांदा परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं, आणि इथे एक लोखंडाचं धूड तिला चार चार वेळा परत पाठवत होतं.

गाडी दुकानाच्या जिन्याखाली उभी असायची. तिथे भर दुपारीही उजेड पोचत नसे. गरम तेलाचा, पेट्रोलचा वास असायचा, तो असणारच. पण अलीकडे त्यात आणखी एक वास मिसळला होता... कुणाचं तरी बंद कपाट बऱ्याच दिवसांनी उघडावं तसा, अंगातून काढून ठेवलेल्या कपड्यांचा. टेलरबाईला तो वास ओळखीचा होता. तिच्या धंद्याचाच वास तो. म्हणून तिने तो मनावर घेतला नाही. आपल्याच कपड्यांना येत असेल, म्हणाली.

चौथ्या वेळी मिस्त्री गाडीजवळ उकिडवा बसला तो बसूनच राहिला.

"काय झालं?"

"ताई, जरा इकडे या." त्याने रॉकेलचा बोळा लिव्हरच्या पट्टीवर फिरवला. आताच ओढलेल्या पांढऱ्या रेघेखालून जुन्या पिवळ्या रंगाची एक रेघ वर आली. पांढरी तिच्यावर तंतोतंत बसली होती. "ही पिवळी मीच मारली होती. आधीच्या मालकासाठी. फूटरेस्टलाही बघितलं मी... तेच. सीटची उंचीही तीच. आपण दोघांनी मिळून गाडी परत त्याच्या मापाला आणून बसवलीय."

"योगायोग."

"असेल."

"तो फार उंच होता का?"

मिस्त्रीने हात पुसायला घेतले. हात आधीच पुसलेले होते. "पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला पुरत नव्हते. तुमच्यासारखेच. तुमच्याएवढाच होता."

"आणि नंतर?"

"नंतर... या दारातून वाकून यायचा."

गॅरेजमध्ये हवा भरायचं मशीन घरघरत होतं, ते तेवढ्यात बंद पडलं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मला वाटलं, माणूस उंच टाचांचे बूट घालत असेल," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला. "आपण कशाला बोला? गाडी शेवटी त्याच्या बायकोने आणून दिली. मी विचारलं, साहेब बरे आहेत ना? तर म्हणाली, आहे, घरात माणूस आहे... जेवतो, झोपतो, माझ्याशी बोलतो... आणि पुढचं बोललीच नाही. किल्ली ठेवली आणि गेली."

आता यात एक गंमत आहे, आणि ती शिंप्यांनाच कळेल. दुसऱ्यांची मापं घेण्यात ज्याचा जन्म जातो, त्याचं स्वतःचं माप कोणी घेत नाही. स्वतःला टेप लावता येत नाही. वाकलं की माप बदलतं. टेलरबाई गेली बारा वर्षं स्वतःचे कपडे मापवहीतल्या जुन्या आकड्यांवर शिवत होती. त्यामुळे काहीही काचलं, कुठेही आखूड झालं, की दोष त्या वस्तूचा, हे तिने धरूनच ठेवलेलं. पॅन्टा हल्ली घोट्याच्या वर चढायच्या, तर ती कापडवाल्याला शिव्या द्यायची, पाण्यात आटतंय म्हणून. बोल्ट हलला नव्हता, आणि तरीही ती बोल्टशीच भांडत राहिली होती.

त्या दिवशी दुकानात आल्यावर तिने दार ओढून घेतलं आणि टेप धाकटीच्या हातात दिली.

"माझं माप घे."

"कुठलं?"

"सगळं. आधी पाय. टाचेपासून घे, आणि जे येईल तेच सांग."

धाकटीने उजवा पाय मोजला. मग डावा. मग परत डावा. मग ती तशीच खाली बसून राहिली आणि तिने तोंडावर हात धरला.

"ताई... सारखे आहेत."

"नीट घे."

"तीनदा घेतलं गं! सारखे आहेत! आणि दोन्ही लांब झालेत, वहीत आहेत त्याच्यापेक्षा. चालून दाखव. अगं चाल ना!"

टेलरबाई भिंतीपासून मशीनपर्यंत चालली. मशीनपासून भिंतीपर्यंत. सरळ, सपाट. बत्तीस वर्षांत कधी चालली नव्हती तशी. खोटं कशाला सांगा, एक क्षण तिला इतका आनंद झाला की छाती भरून आली. धाकटी तर रडायलाच लागली. आईने बघायला हवं होतं, असं म्हणत ती टेलरबाईच्या कमरेला मिठी मारून बसली, लहानपणी बसायची तशी.

आणि मग टेलरबाईला राग आला. खालून वर चढत आलेला राग.

"मला विचारलं का कुणी?"

"काय?"

"मी गिऱ्हाइकाची बाही पाव इंच कापायची असली तरी विचारते. हो म्हटलं तरच कात्री लावते. आणि माझ्या अंगाला हात घालताना मला विचारायचं नाही?"

"अगं पण चांगलंच झालंय ना? लंगडणं गेलं!"

"आज लंगडणं गेलं. उद्या काय जाईल? मिस्त्री सांगत होता, गाडीच्या आधीच्या मालकाचंही असंच झालं, आता घरात कोण राहतंय ते त्याच्या बायकोलाच कळेनासं झालंय." तिने वही उघडली आणि स्वतःच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हा पाय वाईट असेल, पण माझा आहे. त्याच्यावर मी उभी राहिले, दुकान उभं केलं, तुला वाढवलं. कुणीतरी परका येऊन मला त्याच्या मापाचं करणार, आणि मी वर त्याचे आभार मानू? जमणार नाही."

"मग गाडी विकून टाक."

"का म्हणून? गाडी माझी आहे."

हे असं होतं तिचं. कुणी मागे ढकललं की ही दोन पावलं पुढे.

ती वही, पाना आणि कात्री घेऊन खाली गेली. धाकटी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली, खाली यायचा तिला धीर होईना. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर ऊन रटरटत होतं, आणि जिन्याखाली मात्र हात घातला तर हात दिसेना. सकाळी गॅरेजातून आणल्यापासून गाडी बंद होती. तरी इंजिन टिकटिक करत होतं... आताच लांबून आल्यासारखं, निवत असल्यासारखं. टेलरबाईने टाकीवर हात ठेवला. लोखंड गार होतं.

"ऐक," ती गाडीला म्हणाली. तिने पाना उजव्या हातात घेतला आणि पुन्हा म्हटलं. "ऐक. माझ्या धंद्याचा एकच नियम आहे. अंगाप्रमाणे कपडा होतो. कपड्याप्रमाणे अंग नाही."

तिने पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. तिने सगळा भार टाकला. मानेमागून तो कपाटाचा वास आला, अगदी जवळून, कुणीतरी खांद्यावरून वाकून तिचं काम बघत असल्यासारखा. तिला वाटलं मागे वळावं... वळली नाही. "बघायचं तर बघा," ती दात आवळून म्हणाली, "पण उजेडात येऊ नका, लाज वाटेल." आणि बोल्ट कर्रकन फिरला.

संध्याकाळपर्यंत तिने एकेक गोष्ट मापवहीतल्या आकड्यांवर आणली. लिव्हर जवळ. फूटरेस्ट पाऊण इंच वर. फोमचा थर बाहेर. तिच्या आत्ताच्या लांब हातापायांना त्या गाडीवर बसणं म्हणजे लहान पोराच्या पाळण्यात कोंबून बसणं होतं. ती बसली. तशीच गाडी काढून निघाली. गुडघे टाकीवर आपटत होते, बोटं चेपून काळीनिळी झाली, डाव्या मांडीत अशी कळ उठली की जणू कुणी आतून दोरा ओढतंय. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. धाकटीने गयावया केली, मिस्त्रीने हात जोडले. पाचव्या दिवशी चौकात सिग्नलला ती थांबली, डावा पाय खाली टाकला... आणि टाच टेकली नाही. फक्त चवडा.

आजूबाजूच्या गाडीवाल्यांनी पाहिलं तर एक बाई हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने हसत होती.

जिना ती लंगडत चढली. धाकटीने तोंड फिरवून डोळे पुसले. टेलरबाईने त्या रात्री दोन घास जास्त खाल्ले, आणि पाठ टेकताच घोरायला लागली.

त्यानंतर तीन आठवडे गाडी गरीब गाईसारखी वागली. जिन्याखालचा वास गेला. काही काचेना, काही आखूड होईना. मिस्त्रीने सुद्धा मान डोलावली. "जिरवलीत तुम्ही तिची," म्हणाला. टेलरबाईला अभिमान वाटला, आणि वाटावा असंच काम होतं ते. तिने त्या गाडीला वाकवलं होतं. ती आता पुरती, शिवणीपासून अस्तरापर्यंत, टेलरबाईच्या मापाची झाली होती.

म्हणूनच धाकटी जेव्हा म्हणाली, "मलाही शिकव ना," तेव्हा टेलरबाईने आढेवेढे घेतले नाहीत. धाकटी बावीस वर्षांची, हरणासारखी चपळ. तीन दिवसांत शिकली. दुपारी दुकान रिकामं असलं की गल्लीतून, मग मैदानापर्यंत, मग त्याच्याही पुढे चक्कर मारून यायची. टेलरबाई खिडकीतून बघायची आणि तिला बरं वाटायचं. आपल्या बहिणीला कुणाच्या मागे बसून जन्म काढावा लागणार नाही, यापेक्षा तिला दुसरं काय हवं होतं?

दहाव्या-बाराव्या दिवशी ती काजं करत बसली होती. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, स्टँड लागल्याचा आला, आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. टेलरबाईची सुई कापडातच राहिली. या घरात त्या चालीचं एकच माणूस होतं, आणि ते तर इथे खुर्चीवर बसलं होतं.

धाकटी घामाघूम होऊन आत आली, हसत.

"तुझ्या पायाला काय झालं?"

"काय झालं?"

"लंगडतेयस तू."

धाकटीने खाली पायाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "बरी आहेस ना ताई? मी लंगडत नाही तर काय करते?"

टेलरबाई उठली. टेप घ्यायची गरजच नव्हती, तिची नजर सुताचा फरक ओळखायची. तरी तिने टेप घेतली, टाचेपासून लावली. डावा पाऊण इंच आखूड होता.

"खाली चल," ती म्हणाली. "आत्ता चल. गाडी तुझ्या मापाला लावते. चार दिवसांत होईल सरळ. माझा झाला, तसा तुझाही..."

"हे माझंच माप आहे की."

"नाही गं. तू दोरीवरच्या उड्या मारायचीस. शंभर शंभर. आठव ना जरा..."

"मी? या पायाने?" धाकटी हसली, पण आता त्या हसण्यात थोडी चीड होती. "अगं, झाडावरून पडले ना मी, सहा वर्षांची असताना. तूच तर आईला बोलवायला पळालीस." तिने टेप बाजूला सारली. "आणि सरळ कशाला करायचाय? माझा पाय आहे. मला चालतो. तू कोण त्याला हात लावणारी?"

"मी पडले होते!" टेलरबाई ओरडली. "मी! तू तर जन्मलीही नव्हतीस तेव्हा!"

धाकटीने बहिणीच्या हातावर हात ठेवला, आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा.

टेलरबाईने तो हात झटकला आणि पाना उचलला. गाडीला एकदा वाकवलं होतं, पुन्हा वाकवीन. बहिणीला ओढत न्यावं लागलं तरी नेईन, तिने बोटं मोडून शिव्या दिल्या तरी चालतील. ती जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर तिला तो दिवस आठवला, नेहमीसारखा: तुटलेली फांदी, पाठीत लागलेली जमीन, तोंडात गेलेली माती.

दुसऱ्या पायरीवर तिला आणखी एक आठवलं. आपण पळतोय. दोन्ही पाय सारखे जमिनीवर पडतायत, केस तोंडावर येतायत, घर अजून लांब आहे, आणि आपण आईच्या नावाने ओरडतोय. मागे झाडाखाली कुणीतरी रडतंय.

दोन्ही आठवणी सारख्याच स्पष्ट होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांतली जोडलेली पट्टी बोटाने चाचपून ओळखणारी ती बाई, तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. यातली मागून शिवलेली कुठली, ते तिला कळेना.

खालून टिकटिक ऐकू येत होती. तिने पाना घट्ट धरला आणि उतरायला लागली.